हळकुंड मोडून बघतो, ऑइलचा डबा मात्र तसाच ओतला

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे, माझी तिसरी पिढी. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, दोन हळकुंडं एकमेकांवर आपटून आवाज ऐकायचा आणि मगच पोत्याला हात लावायचा, हे आजोबांनी मला चड्डीत असताना शिकवलं. असा माणूस इंजिन ऑइलच्या सात डब्यांना फसला. चुलत भाऊ अजून जेवायला बसलं की विषय काढतो. पण गावात गाडीवेडी पोरं वाढली आहेत आणि ती त्याच दुकानांतून ऑइल घेतात, म्हणून लिहितोय.

गाडी ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ची, पुण्यातून सेकंडहँड घेतलेली. चार दरवाजे आणि पोती मावतील एवढी डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणू नये असं काही जण म्हणतील. म्हणोत. दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि २३० अश्वशक्ती मला पुरते. वर्षातून दोनदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला, जातो. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम असा हजाराच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. ट्रॅक लांबीला दोन किलोमीटरपेक्षा थोडाच मोठा, पण गाडीला श्वास घेऊ देत नाही.

पहिल्या वर्षी ऑइलचं तापमान १२० च्या पुढे गेलेलं बघून घाबरलो होतो. हायवेवर तोच आकडा ९५ ते १०५ च्या मध्ये असतो. तेव्हापासून ऑइलचा नाद लागला. महिनाभर रात्री बसून वाचलं. डब्यावर ५डब्ल्यू-४० असा ग्रेड लिहिलेला असतो. त्यात डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. सांगलीत कडाक्याची थंडी म्हणजे स्वेटर घातला की संपली, त्यामुळे पहिल्या आकड्याचं आपल्याला काही देणंघेणं नाही, असं मी ठरवून टाकलं. (हे वाक्य लक्षात ठेवा.) ट्रॅकसाठी महत्त्वाचा दुसरा आकडा आणि त्याहून महत्त्वाचं एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये रगडलं जात असताना ऑइलची फिल्म किती टिकते त्याचं माप. फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मान्यतेच्या ऑइलला ते किमान ३.५ लागतं. हल्लीची मायलेजसाठी केलेली पातळ ऑइल २.६ च्या आसपास असतात. ती शहरात ठीक.

एका मित्राचं म्हणणं होतं, "१०डब्ल्यू-६० टाक, रेसिंगचं असतंय." ते बीएमडब्ल्यूच्या काही एम इंजिनांसाठी सांगितलेलं ऑइल. माझ्या इंजिनातली फट, पंप, टर्बोच्या नळ्या त्या जाडीसाठी केलेल्याच नाहीत. जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण, हा समज आपल्याकडे ट्रॅक्टरच्या दिवसांपासून चालत आलाय. शेवटी ५डब्ल्यू-४०, एसीईए ए३/बी४ (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा), डब्यावर ५०२ ०० ची मान्यता, असं ठरलं. ब्रँड युरोपातला, नामांकित. त्या कंपनीचा यात दोष नाही, म्हणून नाव लिहीत नाही. दुकानाचंही लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

निवड बरोबर होती, ती आजही तीच करेन. पण महिनाभर कोणतं ऑइल घ्यायचं यावर डोकं फोडलं आणि ते घेतलं मात्र दहा मिनिटांत, उभ्याउभ्या.

दुकानदार ओळखीचा. आमच्या टेम्पोचे पार्ट तिथूनच येतात. डब्यावर छापील किंमत १,४५० रुपये लिटर. तो म्हणाला, "दादा, पक्कं बिल पाहिजे असलं तर छापील भाव. नको असलं तर १,०५० ला लावतो. घरातला माणूस म्हणून." मी विचारलं, एवढा फरक कसा? "कंपनीची स्कीम हाय. मार्चच्या आधी माल काढायचाय." स्वतः व्यापारी असून मला हे पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. कच्चं बिल म्हणजे कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा, ७,३५०. पैसे ज्या नंबरवर पाठवले तो दुकानाचा नव्हता, त्याच्या मेहुण्याचा होता. वाचलेले २,८०० रुपये त्या दिवशी फार गोड लागले.

इंजिनला ५.७ लिटर लागतं. सहा डबे वापरायचे, सातवा ट्रॅकवर लागलं तर डिकीत. कुपवाडच्या माझ्या मिस्त्रीने ऑइल बदललं. माणूस जुना, हाताला जाण आहे. त्याने दोन बोटांत ऑइल चोळलं, वास घेतला, उजेडात धरलं. म्हणाला, "चांगलंय." त्याची चूक नव्हती. का नव्हती, ते पुढे येईल.

फेब्रुवारीतला शनिवार. पहिली दोन सेशन छान गेली. गेजवर ऑइल वरच्या खुणेच्या जरा खाली, म्हणजे हवं तिथेच होतं. तिसऱ्या सेशनला पाचव्या लॅपमध्ये तापमान १३६. त्या ट्रॅकवर, त्या उन्हात आकडा फार वेगळा नव्हता, चांगल्या सिंथेटिकला तो थोडा वेळ झेपतो. मी वेग कमी केला, कूल-डाउन लॅप घेतला. आणि रेव्ह, म्हणजे इंजिनचे फेरे, खाली आले तसा मीटरमध्ये ऑइलचं प्रेशर पडल्याचा लाल दिवा, ऑइलच्या कॅनच्या चित्राचा, पेटला. गाडी फाटेल तशी पळत असताना नाही, सावकाश चालताना. पातळ झालेल्या ऑइलचं लक्षणच ते. रेव्ह जास्त असतात तोवर पंप कसंबसं प्रेशर धरतो, रेव्ह पडले की सोडतो.

लाल दिवा लागल्यावर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं असतं. हे मी दुसऱ्यांना शंभर वेळा सांगितलंय. पण मी गाडी पिटपर्यंत नेली. अर्धा मिनिट असेल. तेवढ्यात खालून टकटक ऐकू यायला लागली होती.

फ्लॅटबेडवर घालून गाडी कोइमतूरच्या एका वर्कशॉपला नेली. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने ऑइल काढलं, फिल्टर कापून आतला कागद घडी उलगडून पांढऱ्या फडक्यावर पसरला. घड्यांमध्ये बारीक चमक. आमच्याकडे हळदीची धूळ उन्हात दिसते तशी, फक्त ही धातूची. इंजिनखालचा ऑइलचा चेंबर उतरवला, बेअरिंग शेल घासलेले. टर्बोच्या शाफ्टलाही खेळ आला होता. त्याने मोडक्या हिंदीत एकच प्रश्न विचारला, "ऑइल किधर से लिया?" मी ब्रँडचं नाव सांगितलं. त्याने मान हलवली. "ब्रँड नहीं पूछा."

बिल सगळं मिळून २,४६,००० रुपये. शिवाय पाच आठवडे गाडी तिथेच आणि मी बसने सांगलीला.

डिकीतला सातवा डबा सीलबंद होता. तो आणि इंजिनातून काढलेल्या ऑइलची बाटली, दोन्ही लॅबला पाठवलं. काढलेल्या ऑइलचा रिपोर्ट फारसा कामाचा ठरत नाही. त्यात पेट्रोल उतरलेलं असू शकतं, ते जळलेलं असतं, त्यामुळे विकणारा सहज म्हणतो की तुम्हीच खराब केलं. सीलबंद डब्यावर तसं बोलता येत नाही. तो रिपोर्ट असा आला. ४० अंशांवर व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडी, ८१ सेंटिस्टोक. १०० अंशांवर ९.८. व्हिस्कॉसिटी इंडेक्स, म्हणजे तापल्यावर जाडी किती टिकते त्याचा आकडा, ९८. टीबीएन, म्हणजे इंजिनात तयार होणारं आम्ल मारायची ताकद, जेमतेम ३. झीज रोखणारं झिंक, फॉस्फरस नावापुरतं.

आता हे आकडे नीट बघा, कारण सगळी मेख इथे आहे. ४० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी १०० अंशांवर किमान १२.५ हवी. चांगली ५डब्ल्यू-४० साधारण १३ ते १४ भरतात. माझं ९.८, म्हणजे साधं ३० नंबर. पण ४० अंशांवर अस्सल ५डब्ल्यू-४० ची जाडी किती असते? ८० ते ८५! म्हणजे सांगलीच्या दुपारी, गॅरेजमध्ये, दोन बोटांत चोळलं तर खरं आणि खोटं अगदी एकसारखं लागणार. फरक पडतो तो तापल्यावर. अस्सल सिंथेटिक तापलं तरी अंगात दम धरून राहतं, इंडेक्स १७० च्या घरात असतो. साधं मिनरल ऑइल पाण्याच्या दिशेने पळतं. माझ्या मिस्त्रीला काय, ब्रह्मदेवालाही बोटांनी कळलं नसतं.

उलट्या बाजूने मात्र कळलं असतं. लॅबच्या माणसाने फोनवर सांगितलं म्हणून सहाव्या डब्याच्या तळाशी उरलेलं ऑइल एका बाटलीत आणि पुण्याहून पक्क्या बिलात आणलेलं त्याच ग्रेडचं दुसऱ्या बाटलीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं. बायकोने आंब्याच्या रसाच्या डब्यांशेजारी ते बघून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी बाटल्या आडव्या केल्या. पुण्याचं ऑइल मधासारखं पण मुकाट वाहिलं. माझं थिजलेल्या तुपासारखं एका बाजूला बसून राहिलं. ज्या पहिल्या आकड्याचं सांगलीत काय काम म्हणून मी मोडीत काढला होता, त्यानेच चोर पकडून दिला. ही तपासणी काही पुरावा नाही. हुशार भेसळ यातून सुटेल. पण माझ्यासारखं उघड बनावट ऑइल नक्की सापडेल, आणि ते इंजिनात ओतायच्या आदल्या रात्री.

डब्यांचे फोटो आयात करणाऱ्या कंपनीला पाठवले तेव्हा पुढचं उलगडलं. डबे खरे होते! लेबल खरं, आयातदाराचं स्टिकर खरं, बॅच नंबरही खरे. फक्त त्या बॅचचा माल कधीच विकून संपला होता. म्हणजे कुणीतरी वापरलेले रिकामे डबे गोळा करून, धुऊन, भरून, वर नवीन सील चिकटवलं होतं. आणि सात डब्यांवर चार वेगवेगळे बॅच नंबर. माझ्यासमोर एकाच खोक्यातून काढून दिलेले सात डबे, तरी चार बॅच. कंपनीच्या एका खोक्यात सहसा एकच बॅच असते. आमच्या दुकानात एका लॉटमधल्या पोत्यांवर चार वेगळ्या मार्का दिसल्या असत्या तर मी सौदाच थांबवला असता. इथे डबा उलटासुद्धा केला नाही.

दुकानदाराकडे गेलो. आधी म्हणाला, "दादा, ट्रॅकवर गाडी फाडल्यावर ऑइल जळणारच की." सीलबंद डब्याचा रिपोर्ट दाखवल्यावर म्हणाला, मलाही वरून असाच आला. मग म्हणाला, "डबे बदलून देतो." शेवटचं वाक्य, जरा आवाज चढवून: "बिल दाखवा की." पेन्सिलीचा चिठोरा माझ्या खिशात होता. काढला नाही.

तक्रार केलीच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंदवली, तिथून हललं नाही म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं. पण पक्क्या बिलाऐवजी माझ्याकडे आहे काय? मेहुण्याच्या नावावर गेलेले पैसे आणि व्हॉट्सॲपवर "डबे तयार आहेत, या" एवढा निरोप. वकील म्हणतात, निरोपाचा उपयोग होईल. बघू. आणखी एक घोडचूक केली ती सांगतो. सातवा डबा मी एकट्याने लॅबला पाठवला. कंपनीला तो स्वतःच्या माणसासमोर, सील असताना हवा होता. ट्रेडमार्कच्या बनावटीची केस त्यांना त्यावर उभी करता आली असती. आता त्यांच्याकडे फक्त फोटो आहेत. तुमच्यावर वेळ आली तर एक डबा फोडू नका, आधी कंपनीला कळवा.

हल्ली ऑइल पुण्याहून अधिकृत वितरकाकडून, जीएसटी बिलावर बॅच नंबर लिहून घेऊन आणतो. छापील भावाने. वितरकाचा माणूस मला जरा चक्रम समजतो, डबे उलटे करून बघतो म्हणून.

मागच्या रविवारी भंगारवाला दारात आला होता. रद्दीबरोबर त्या नवीन ऑइलचे सहा रिकामे डबे बाहेर ठेवले होते, मधोमध स्क्रूड्रायव्हरने भोसकून. त्याने एक उचलला, फिरवून भोक बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"टोपणं हायती का?"

"आहेत. का?"

"टोपणासकट अख्खा डबा असता तर नगाला चाळीस दिलं असतं की ओ. आता प्लास्टिकच्या भावात, किलोवर."