नौपाड्यातील एक सलून आणि माझ्या भावाची दाढी

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. गेल्या सव्वा वर्षात त्याने ठाण्याच्या नौपाड्यातील एका दोन खुर्च्यांच्या सलूनमध्ये अकरा वेळा केस कापून घेतले आणि त्यांपैकी शेवटच्या तीन वेळा तो तिथे एकटा गेला. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. गुरुवारी केस न कापणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ असल्यामुळे त्या दिवशी दुपारी दुकान रिकामे असते आणि ती वेळ मालक माझ्या भावासारख्या दोन-तीन गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवतात. नाव छापले तर तीच वेळ गर्दीत जाईल, अशी काळजी त्यांनी स्वतः बोलून दाखवली. गोखले रोड आणि राम मारुती रोड यांच्यामधल्या एका गल्लीत हे दुकान आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे.

केस कापणे ही आमच्या घरात अनेक वर्षे मोठी अडचण होती. मशीनचा आवाज कानाशी आला की भावाला तो सहन होत नाही, मानेवर पडलेले बारीक केस त्याला टोचतात आणि हलका, ओझरता स्पर्श झाला की तो दचकतो. ठामपणे ठेवलेला हात मात्र त्याला चालतो. वडिलांचे हात थरथरू लागेपर्यंत तेच घरी त्याचे केस कापत. त्यानंतर आम्ही ज्या सलूनमध्ये गेलो, तिथे पूर्ण दाढी असलेल्या या माणसाला कारागीर ‘बाळा, हलू नको’ म्हणत होता आणि त्याच्या डोक्यावरून मला विचारत होता, ‘याला कळतं का?’ दोन जणांनी मिळून त्याचे डोके धरले आणि कसेबसे अर्धे केस कापले गेले. वाट पाहत बसलेले एक गृहस्थ म्हणाले की अशांना घरीच ठेवायला हवे. माझ्या भावाला सगळे कळते, ते वाक्यही कळले. ‘स्वमग्न’ हा शब्द मला त्यासाठीच अपुरा वाटतो, कारण स्वतःतच बुडालेला वाटणारा हा माणूस खोलीतील प्रत्येकाच्या आवाजातला बदल टिपत असतो.

नौपाड्यातील दुकानाच्या मालकांना मी आधी फोन केला, तेव्हा त्यांनी त्याला काय आवडत नाही एवढेच विचारले. पहिल्या गुरुवारी त्यांनी केस कापलेच नाहीत. टीव्ही बंद केला, मशीन भावाच्या हातात दिले आणि ते त्याला हवे तितक्या वेळा चालू-बंद करू दिले. मी पैसे पुढे केले, तर ‘ताई, काम झालंच नाही’ म्हणून त्यांनी ते घेतले नाहीत. दुसऱ्या खेपेला कात्रीने फक्त मानेवरचे केस काढले. पूर्ण केस तिसऱ्या खेपेला कापले गेले.

त्या तिसऱ्या खेपेला जे घडले, ते मी अनेक तज्ज्ञांकडेही पाहिलेले नाही. भाऊ मोजके शब्द बोलतो आणि प्रश्नातला शेवटचा शब्द पुष्कळदा तसाच परत म्हणतो. मालकांनी विचारले, ‘दादा, मशीन की कात्री?’ भाऊ म्हणाला, ‘कात्री.’ ते क्षणभर थांबले आणि त्यांनी प्रश्न उलटा केला, ‘कात्री की मशीन?’ भाऊ म्हणाला, ‘मशीन.’ तेव्हा काहीही न बोलता त्यांनी कात्री आणि मशीन दोन्ही त्याच्यासमोरच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि हात मागे घेतला. भावाने बऱ्याच वेळाने कात्री उचलून त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून तिथे प्रत्येक प्रश्न असाच, वस्तू पुढे ठेवून विचारला जातो आणि उत्तरासाठी मी तोंड उघडले, तरी ते माझ्याकडे पाहत नाहीत.

बाकीची काळजीही अशीच बारकाईने घेतली जाते. कापडाखाली गळ्याभोवती घरून आणलेला मऊ पंचा गुंडाळतात, पाण्याचा फवारा आधी भावाच्या तळहातावर मारून दाखवतात, पावडर लावत नाहीत आणि कानामागे जाण्यापूर्वी ‘आता कानामागे’ असे सांगून खांद्यावर हात घट्ट ठेवतात. दर सर्वांना आहे तोच, १५० रुपये. भाऊ २०० रुपयांची नोट देतो आणि उरलेले ५० रुपये त्याच्याच हातात मोजून दिले जातात. ज्या बँकेत त्याच्या नावाचे खाते आहे, तिथे अजूनही माझ्याशीच बोलतात, म्हणून ही ५० रुपयांची देवघेव मला इतकी मोलाची वाटते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आली. आयुष्याच्या सर्व बाबतींत दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे, असे हा कायदा सांगतो आणि जिथे ठरावीक निर्णयापुरता ‘मर्यादित पालक’ नेमला जातो, तिथेही निर्णय त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच घ्यायचा असतो. दरवर्षी २ एप्रिलला स्वमग्नता जागरूकता दिन होतो, तेव्हा फलकांवर बहुधा लहान मुलेच दिसतात. ती मुले मोठी झाल्यावर त्यांचे केस कोण आणि कसे कापणार, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते.

या सेवेत उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. वेळ फक्त फोनवर ठरते आणि भाऊ फोनवर बोलू शकत नाही, त्यामुळे जाण्याचा दिवस अजून मलाच ठरवावा लागतो. त्याने मोबाइलवर कात्रीचे चित्र पाठवावे आणि त्यावरून वेळ मिळावी, असे मी दोनदा सुचवले, पण काम चालू असताना मालक मोबाइल पाहत नाहीत आणि नंतर ते राहून जाते. गणपतीच्या आधीच्या गुरुवारी दुकान गिऱ्हाइकांनी भरले होते आणि आम्हाला कळवले गेले नाही. भाऊ पायरीवरून परत फिरला आणि पुढे दोन महिने तिकडे गेला नाही. मालकांनी क्षमा मागितली, ती मनापासून होती, परंतु ठरलेली वेळ मोडणे त्याच्यासाठी किती मोठी गोष्ट आहे, हे त्यांना तोवर उमगले नव्हते. हाताखालचा नवा मुलगाही सुरुवातीला माझ्याशीच बोलत असे. आता तो शिकला आहे.

एकट्याने जाण्याची सवय आम्ही हळूहळू लावली. आधी मी दुकानाच्या बाकावर बसे, मग गल्लीच्या तोंडाशी थांबू लागले आणि मग घरीच थांबले. तो निघाला की मी दुकानात कळवते आणि काम झाले की नवा मुलगा मला कळवतो.

मागच्या महिन्यात घरात लग्न होते आणि आईने भावाला दाढी करून येण्यास बजावले होते. तो केस कापून, दाढी तशीच ठेवून परतला. आईने रागाने दुकानात फोन लावला, तेव्हा मालक म्हणाले, ‘काकू, मी वस्तरा पुढे ठेवला होता. त्यांनी तो उचलून बाजूला सारला.’ लग्नाच्या सगळ्या छायाचित्रांत भावाची दाढी आहे.