'परफेक्ट मॅचिंग' दुर्बिणीचा गंडा

दुर्बीण आणि कॅमेरा 'जुळवलेला सेट' म्हणून एकत्र विकणाऱ्या जाहिराती सध्या फार दिसतात. पैसे भरण्याआधी हे वाचा.

ऑनलाइन विक्रेत्याने मला असा सेट ३४ हजारांना विकला. ११४ मिमी आरशाची, १००० मिमी फोकल लेंथची (म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराची) दुर्बीण, मोटर लावलेला माउंट (दुर्बीण पेलणारा, फिरवणारा स्टँड) आणि "१२ मेगापिक्सेल" कॅमेरा. जाहिरातीत देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा देखणा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'याच सेटवर काढलेला'. घेण्याआधी मी फोनवर खोदून विचारलं होतं. उत्तर आलं, "सर, डोळे झाकून घ्या, परफेक्ट मॅचिंग आहे."

सेट आला ऑगस्टमध्ये, मान्सून सेलमध्ये. परतीची मुदत दहा दिवस आणि आकाश ढगांनी गच्च. हा योगायोग असेल असं मला आता वाटत नाही.

पाऊस सरल्यावर आकाश बघायला बदलापूरजवळच्या वांगणीला नेला तेव्हा पहिली गोष्ट कळली: कॅमेरा लावला की फोकसच होत नाही. फोकसर (कॅमेरा पुढे-मागे सरकवणारी नळी) पार आत ढकलला तरी तारे भोपळ्याएवढे. विक्रेता म्हणाला, बार्लो भिंग घ्या, वेगळे पैसे पडतील. बार्लोने फोकस आला खरा, पण फोकल लेंथ दुप्पट झाली आणि फोटोत मावणारा आकाशाचा तुकडा होता त्याच्याही निम्मा झाला.

खरी फसवणूक इथेच आहे आणि ती पकडायला साधा भागाकार पुरतो. सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपची) रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, ३४३८ ने गुणा, फोकल लेंथने भागा. येतं ते दृश्याचं माप, कलांमध्ये. (६० कला म्हणजे एक अंश.) माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ४.८ मिमी रुंद, म्हणजे बार्लो न लावताही जेमतेम साडेसोळा कला. चंद्र ३१ कलांचा. तोही अर्धाच मावतो. देवयानी तर सुमारे तीन अंश पसरलेली, सहा चंद्र ओळीने मांडावेत इतकी. या सेटमध्ये तिचा गाभा तेवढा दिसेल. मृगातला तेजोमेघही एक अंशाच्या आसपास, तोही बाहेरच.

मेगापिक्सेलचं गौडबंगाल वेगळंच. सेन्सरवर खरे पिक्सेल १२८० × ९६०, म्हणजे १.२ मेगापिक्सेल. बाकीचे सॉफ्टवेअरने फुगवलेले. सेन्सरचं माप मात्र जाहिरातीत कुठेच नव्हतं, आणि नेमकं तेच विचारायला हवं.

मग जाहिरातीतला तो फोटो अ‍ॅस्ट्रोमेट्री.नेट या मोफत सेवेवर चढवला. फोटोतल्या ताऱ्यांच्या रचनेवरून ती आकाशाचा नेमका तुकडा ओळखते आणि त्याची लांबी-रुंदी सांगते. उत्तर आलं: तीन अंश रुंद, दोन अंश उंच. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, मोझेक आहे, तुकडे जोडलेत. या सेटमधून एवढं आकाश भरायला शंभराहून जास्त तुकडे लागतील, असं लिहून पाठवल्यावर फोन उचलणं बंद झालं.

दुर्बिणीबद्दलही एक खूण सांगतो. १००० मिमी फोकल लेंथ लिहिलेली असताना नळी अर्ध्या मीटरची असेल, तर फोकसरच्या बुडाशी एक भिंग बसवून फोकल लेंथ वाढवलेली असते. स्वस्त सेटमध्ये आरसा गोलीय (त्यावरून सगळे किरण एका बिंदूत जुळत नाहीत) आणि हे भिंगही सुमार, त्यामुळे तारे कधीच टोकदार येत नाहीत. 'भिंगाची दुर्बीण नाही ना, आरशाचीच ना?' एवढंच विचारून भागत नाही.

न्यायाने सांगायचं तर तो छोटा सेन्सर टाकाऊ नाही. गुरू, शनी, चंद्रावरची विवरं यांना असाच लागतो. त्यांच्यासाठी म्हणून विकला असता तर माझी तक्रार नव्हती.

मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि अ‍ॅस्ट्रोमेट्रीचा निकाल जोडला. स्क्रीनशॉट खरेदीच्याच दिवशी काढून ठेवा, कारण जाहिराती बदलतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. तसं विक्रेत्याला पाठवलेल्या नोटिशीत लिहिल्यावर कॅमेरा आणि बार्लोचे पैसे परत आले. दुर्बिणीचे आले नाहीत, त्यासाठी अर्ज करतोय. जाहिरात अजून चालू आहे. फोटो तोच, फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रातिनिधिक छायाचित्र' असं आलंय.