लिस्बनला दोघांनी राहायचं कुठे, अल्फामा भागात की बायशा भागात?
बायशा १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने बांधलेला, त्यामुळे सपाट सरळ रस्ते, मेट्रो जवळ आणि जवळच्या सिंत्रा गावाची ट्रेन सुटते ते रोसियो स्टेशनही चालत जाण्यासारखं. सोयीचं एकदम, पण संध्याकाळी नुसते टुरिस्ट आणि मेनूकार्ड घेऊन मागे लागणारे वेटर. अल्फामा भूकंपातून बराचसा वाचला म्हणून अजून तेच अरुंद बोळ, डोक्यावर वाळत घातलेले कपडे, रात्री कुठूनतरी फादोची, म्हणजे पोर्तुगालची ती दर्दभरी गाणी ऐकू येतात, सकाळी पोर्ताश दो सोल या उंचावरच्या व्ह्यू पॉइंटवरून तेजो नदी बघत कॉफी प्यायची, अहाहा! फक्त पायऱ्या लय आहेत बरं का, चाकाची बॅग त्या दगडी चढावर ओढताना नवरा-बायकोचं भांडण पक्कं, आणि २८ नंबरच्या ट्राममध्ये सामान घेऊन चढूच नका, खचाखच असते, पाकीटमारही असतात. गुडघे धड असतील तर अल्फामाच घ्या.