आर्मी डिस्पोजलचा (सैन्याने वापरून विकायला काढलेला) टाटा ट्रक घेतला, दोन पावसाळे झाले, आता रिव्ह्यू टाकतो

आधी रेटिंगच देऊन टाकतो, घाईत असाल तर इथूनच परत जा. ट्रकला पाचपैकी साडेतीन. ज्या यार्डातून घेतला त्याला दीड, आणि तो दीड पण तिथल्या पोराने चहा चांगला पाजला म्हणून. यार्डाचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.

गाडी म्हणजे टाटाची एलपीटीए ७१३, अडीच टनी, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी. नाशिक जिल्ह्यात हरसूलकडे आमची आंब्याची नर्सरी आहे, तिथला शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात नुसता राडा, ट्रॅक्टर पण रुतून बसतो, आणि मार्चनंतर उलटी तऱ्हा, सगळं पाणी खालून वर न्यायचं. माझे मामा देवळालीला तोफखान्यात होते, रिटायर होऊन भगूरला राहतात, ते म्हणाले "शक्तिमान मिळते का बघ, तसली गाडी परत झाली नाही". मामांचं प्रेम कळतं, पण शक्तिमान म्हणजे जर्मनीच्या मॅन कंपनीच्या लायसन्सवर १९५९ पासून जबलपूरला बनलेली गाडी, ती बंद होऊन पण जमाना झाला, सामान शोधत कुठे फिरणार. लेलँडची स्टॅलियन पाच टनी, आमच्या रस्त्याला फार मोठी. ७१३ ला ६९७ इंजिन, जुन्या टाटा १६१३ ट्रकला असायचं तेच खानदान, त्यामुळे इंजिनाचं सामान नाशकात द्वारकेला सहज मिळतं. पुढच्या अ‍ॅक्सलचं मिळत नाही. हे वाक्य नीट वाचा, माझा सगळा खर्च तिथेच झालाय.

आता कागद. सगळे आधी बोनेट उघडतात, मी पण तेच केलं, चूक. सैन्याच्या गाडीची नोंद मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६० खाली वेगळी असते, तो वर तोंड केलेल्या बाणाचा सैन्याचा नंबर तुम्हाला मिळत नाही, गाडी सिव्हिलमध्ये आली की आपल्याला नाशिकचा एमएच १५ नंबर नवीन घ्यावा लागतो. माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात लॉटने जातो, यार्डवाला लॉट उचलतो आणि एकेक करून आपल्याला विकतो. म्हणून सेल लेटर आणि रिलीज ऑर्डर मागायची, त्यावर तुमच्याच गाडीचा चासी नंबर आणि इंजिन नंबर आहे का ते स्वतः टॉर्च मारून जुळवायचं, आणि मुख्य म्हणजे गाडी गाडी म्हणून विकलीय का भंगार म्हणून ते वाचायचं. मी पहिल्यांदा जी गाडी पसंत केली होती तिच्या कागदावर साफ भंगार लिहिलेलं, आणि मालक म्हणतो "पासिंग होतं साहेब, सगळं होतं, आपला माणूस आहे". १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, सैन्याच्या कामाच्या खास गाड्या त्यातून वगळल्यात, आणि हाच मुद्दा पकडून हे लोक "आर्मीच्या गाडीला वयाचा नियमच नाही" असं ठोकून देतात. अहो ती सूट सैन्य वापरतं तोवर, तुमच्या नर्सरीत आल्यावर कसली सूट. टोकन द्यायच्या आधी झेरॉक्स घेऊन पेठ रोडला आरटीओत जा आणि विचारा, एक सकाळ जाईल पण पैसे वाचतील.

गाडी बघायला गेलो तेव्हा द्वारकेचे आमचे चाचा मिस्त्री बरोबर होते. यार्डवाल्याने चावी फिरवली, अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू. मी खूश. चाचांनी काही न बोलता रेडिएटरवर हात ठेवला आणि माझा हात पण धरून तिथे ठेवला. गरम. आम्ही यायच्या आधी अर्धा तास तापवून ठेवली होती. चाचा म्हणाले "आता बंद कर भाऊ, उद्या सात वाजता येतो, तोवर हात नको लावू". दुसऱ्या दिवशी तीच गाडी तीन सेल्फ घेऊन, पांढरा धूर सोडत उठली. थंड इंजिनात एवढं चालतं म्हणे, धूर पाच मिनिटांत गेला, ऑइलचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन (तिथून हवा-धूर किती मारतोय ते) बघितलं ते पण ठीक होतं. इंजिन पास.

लोकांना वाटतं मीटर कमी पडलंय म्हणजे लॉटरी लागली. माझ्या गाडीचं मीटर ३८ हजार दाखवत होतं आणि खरं पण असेल, सैन्याच्या बऱ्याच गाड्या फार पळत नाहीतच. पण उभ्या राहतात हो, वर्षानुवर्षं उन्हापावसात उभ्या, आणि त्यात रबर नावाची जेवढी म्हणून वस्तू गाडीत आहे ती सगळी मरते, सील, होज पाइप, ब्रेकचे वॉशर, टायर. टायरला नक्षी एकदम नवी, बारीक केस पण शाबूत. साइडला चार आकडे असतात बघा, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, माझ्यावर ३२०९ होतं, म्हणजे २००९ चा बत्तिसावा आठवडा. नख घातलं तर भेगेत नख जायचं. मागे जोडचाक नसतं, चारही कोपऱ्यांना एकेक, त्यामुळे स्टेपनी धरून पाच टायर, पाचही बदलले. डिझेल टाकी तळाशी गंजलेली होती, फिल्टर पहिल्या महिन्यात तीनदा चोक झाला.

फोर बाय फोरची टेस्ट मात्र लिहून ठेवा, ही चाचांची. पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं, गाडी बंद, फोर बाय फोरचा लिव्हर टू व्हीलमध्ये असेल तर चाक हाताने फिरतं, फोर व्हीलमध्ये टाकला की फिरायला नको. आमचा लिव्हर आधी पडेचना, कित्येक वर्षं कोणी हात लावला नसणार, डिझेल मारून, हलवून हलवून पाऊण तासाने पडला. त्या पाऊण तासाचे २० हजार कमी करून घेतले. आणि हो, डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळणं घेत टेस्ट करू नका, पुढची मागची चाकं सारखी पळत नाहीत आणि सगळा पीळ गिअरवर येतो, शेतात नेऊन टाका.

एवढं करूनही मी फसलो ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगमध्ये. चाचा म्हणत होते बोल्ट खोलून ऑइल बघू, यार्डवाला म्हणाला आत्ता पाना नाही, संध्याकाळ झाली होती, मी म्हणालो जाऊ दे चाचा. घरी आणून खोललं तर काळं ऑइल नाही, दुधाचा चहा बाहेर आला. पाणी गेलेलं आत. क्राऊन पिनियन (आतले मुख्य गिअर) वाचलं, बेअरिंग नाही वाचले. ते यायला सहा आठवडे लागले, तोवर गाडी दारात उभी आणि घरचे रोज विचारणार "रणगाडा कधी चालू होणार".

रंगाची गंमत वेगळीच. यार्डाने फोटो चांगला यावा म्हणून ताजा मिलिटरी हिरवा मारलेला, आणि तो ऑलिव्ह ग्रीन संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणालाच चालत नाही, म्हणजे पासिंगआधी मलाच खरवडावा लागला. खरवडला तर हौद्याखालच्या क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) दोन ठिकाणी बोट जाईल एवढी भोकं. ताजा रंग दिसला की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जा, टण्ण वाजलं तर ठीक, थप्प वाजलं तर थांबा.

बारीकसारीक: हवेचे ब्रेक असतील तर प्रेशर भरून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं काटा खाली पडतो का बघा. वायरिंग २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आमच्या पुतण्याने एकाच बॅटरीवरून टेप जोडला आणि दोन्ही बॅटऱ्यांची वाट लावली, २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा. वजनाचं पण ऐका, अडीच टन म्हणजे टाकीचं वजन धरून, पाणी अडीच हजार लिटरपेक्षा कमीच, "पाच हजाराची टाकी आरामात बसेल" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. अ‍ॅव्हरेज मला लिटरला चारच्या आसपास, चिखलात तीन पण नाही.

मग साडेतीन कशाला दिले? मागच्या जुलैत ट्रॅक्टर ट्रॉलीसकट अडकला होता, मामा मुद्दाम भगूरहून आलेले, लिव्हर टाकला, लो गिअर, आणि गाडीने दोन्ही हळूहळू ओढून वर आणलं, चाक एकदा पण फुकट फिरलं नाही. मामा छत्री मिटून भिजत बघत होते. म्हणाले "शक्तिमानने पटकन काढला असता".

सध्या पुढच्या डाव्या चाकाचा ऑइल सील परत झिरपतोय, तिसऱ्यांदा. सोमवारी चाचांकडे टाकणार.