इंग्रजी काळ कसे शिकावेत: तक्ता, मराठीचा आधार की थेट इंग्रजी?

बडोद्यातल्या मराठी घरात इंग्रजीचे टेन्स शिकायचे म्हणजे आधीच तीन भाषांची गर्दी. घरात मराठी, रिक्षात आणि वर्गात गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि क्लासमधले सर 'प्रेझेंट परफेक्ट' समजावतात ते बहुतेकदा गुजरातीतून. कुणाची मुलगी नववीत असते, कुणाचा भाचा आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देऊन कॅनडाला निघालेला असतो, कुणाला मकरपुऱ्याच्या कंपनीत मुलाखत द्यायची असते. विचारणं मात्र सगळ्यांचं एकच: बारा काळांचा तक्ता पाठ करून घ्यायचा, मराठीशी ताडून शिकायचं, की इंग्रजीखेरीज शब्द न बोलणाऱ्या क्लासला घालायचं?

एकच वाट धरा म्हणालात तर मी मराठीची धरेन. पण तसा आग्रह कुणी धरू नये. काही काळ मराठीतून अर्ध्या तासात कळतात, आणि काही ठिकाणी मराठीच पाय ओढते. ती ठिकाणं ठरलेली आहेत, त्यामुळे निवड करणं वाटतं तितकं अवघड नाही.

आधी तक्ता. वर्तमान, भूत, भविष्य असे तीन उभे रकाने. सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट, परफेक्ट कंटिन्युअस अशा चार आडव्या ओळी. झाली बारा घरं. रावपुऱ्यातल्या कुठल्याही वह्या-पुस्तकांच्या दुकानात हा तक्ता मिळेल. भाषाशास्त्राचा काटेकोर हिशेब लावला तर इंग्रजी क्रियापद रूप बदलतं ते वर्तमान आणि भूत एवढ्या दोनच काळांसाठी. भविष्यासाठी वेगळं रूप नाहीच, 'विल' किंवा 'गोइंग टू' जोडून काम भागवलं जातं. पण हे मुलांना सांगायच्या भानगडीत पडू नये. परीक्षेत बारा विचारतात, बारा सांगावेत.

तक्त्याचं खरं काम रूपं पक्की करणं. गो-वेन्ट-गॉन, राइट-रोट-रिटन अशी आडवळणी क्रियापदं दोनशेच्या आसपास आहेत, रोज लागणारी त्याहून बरीच कमी, आणि ती घोकल्याशिवाय येत नाहीत. दुसरं म्हणजे नकार. आपण 'गेलो'चं 'गेलो नाही' करतो, क्रियापद जागचं हलत नाही. म्हणून पोरं बिनदिक्कत 'आय डिड नॉट वेन्ट' लिहितात. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड' एकटा उचलतो आणि मागचं क्रियापद मूळ रूपात राहतं: 'आय डिड नॉट गो'. प्रश्नातही तेच: 'डिड यू गो?' हे कितीही छान समजावलं तरी हातात बसतं ते पाठांतरानेच. इथे तक्त्याला पर्याय नाही.

पण कोणतं रूप कधी वापरायचं, याबद्दल तक्ता मुका असतो. बाराच्या बारा सूत्रं धडाधड म्हणून दाखवणारा मुलगा 'तू इथे कधीपासून राहतोस?' याचं उत्तर इंग्रजीत देताना अडखळतो.

आता मराठी. मराठी घराला इथे एक फायदा आयता मिळतो, आणि बडोद्यात तो अगदी उघड दिसतो. गुजरातीत 'हुं जाउं छुं' म्हणजे मी रोज जातो हेही, आणि मी आत्ता जातोय हेही. 'जई रह्यो छुं' आहे, पण बोलताना पहिल्यावरच भागतं. त्यामुळे 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांतला फरक गुजरातीतून शिकवताना सरांना घाम फुटतो. मराठी मुलाच्या जिभेवर तो फरक आधीच असतो: मी शाळेत जातो, आय गो, मी शाळेत जातोय, आय ॲम गोइंग. तुमचं मूल क्लासमध्ये हे गुजरातीतून शिकून गोंधळून आलं असेल, तर घरी बसून 'जातो' आणि 'जातोय' शेजारी लिहून दाखवा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

भविष्याची बोलणीही मराठीला बरीच जुळतात. 'गाडी सहाला सुटते' म्हणजे 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स', दोन्हीकडे साधा वर्तमान. 'मी उद्या मुंबईला जातोय' म्हणजे 'आय ॲम गोइंग टू मुंबई टुमॉरो', दोन्हीकडे चालू वर्तमान. वेळापत्रक असेल तर पहिलं, तिकीट काढून झालं असेल तर दुसरं. प्रत्येक भविष्याला 'शॅल-विल' चिकटवायची जुनी शाळकरी सवय मराठीकडे पाहूनच सुटते.

पूर्वीची सवय सांगायलाही मराठीत सोय आहे. व्याकरणात त्याला रीती भूतकाळ म्हणतात. बडोद्यातल्या मुलांनी मराठी शाळेत शिकलेली नसते, त्यामुळे नाव त्यांना माहीत नसतं. पण 'आजोबा रोज सूरसागरला फिरायला जात असत' हे ती सहज म्हणतात. तेच 'आजोबा यूज्ड टू गो'. गंमत अशी की मराठीतही तीन काळांचे चार-चार प्रकार मोजून बाराच होतात, पण आपलं चौथं घर रीतीचं आणि इंग्रजीचं चौथं घर परफेक्ट कंटिन्युअसचं. बारा आणि बारा समोरासमोर मांडून एकास एक जोड्या लावायला गेलात की गाडी रुळावरून घसरलीच.

ती घसरते ती मुख्यतः परफेक्टवर, म्हणजे 'हॅव-हॅड' लागणाऱ्या रूपांवर. इथे थोडं थांबायला हवं, कारण नववीपासून आयल्ट्सपर्यंतचे बहुतेक गुण इथेच जातात.

'मी दहा वर्षांपासून बडोद्यात राहतो' हे वाक्य घ्या. मराठीत साधा वर्तमान. गुजरातीत 'दस वरसथी रहुं छुं', तोही वर्तमानच. हिंदीत 'दस साल से रह रहा हूँ', म्हणून हिंदीच्या वळणाने 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' तयार होतं. तिन्ही भाषा एका सुरात चुकीकडे नेतात, आणि बसमध्ये, बँकेत, ऑफिसात हेच वाक्य कानावर पडत असल्यामुळे ते चूक वाटतही नाही. इंग्रजी इथे मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेला काळ मोजते: 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग'. आपला 'पासून' मुदतीलाही चालतो आणि सुरुवातीलाही, इंग्रजी मात्र त्याचे दोन भाग करते. दहा वर्षं ही मुदत, तिला 'फॉर'; 2015 ही सुरुवात, तिला 'सिन्स'.

आणि 'हॅव' गाळलं तर? 'आय लिव्ड इन बरोडा फॉर टेन इयर्स' हे वाक्य व्याकरणात शुद्ध आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला त्यातून कळतं की तुम्ही बडोदं सोडलं. मग तो पुढचा प्रश्न 'आता कुठे राहता?' असा विचारतो आणि उमेदवार गोंधळतो.

दुसरा खड्डा 'होतो'चा. 'गेल्या वर्षी मी पुण्याला गेलो होतो' असं आपण म्हणतो तेव्हा जाऊन परत आलो, गोष्ट जुनी झाली, एवढंच सांगायचं असतं. मूल त्याचं 'आय हॅड गॉन टू पुणे लास्ट इयर' करतं. इंग्रजीला तिथे नुसतं 'आय वेन्ट' हवं. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन गोष्टींत आधीची कोणती हे दाखवायला: मी स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती, 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'. इथे मराठी 'होती' आणि इंग्रजी 'हॅड' नेमके जुळतात. म्हणून घरगुती नियम असा: वाक्यात एकच गोष्ट घडली असेल तर 'हॅड' पुसा, दोन असतील तर आधीच्या गोष्टीला लावा. दहापैकी नऊ वेळा काम होतं.

तिसरा खड्डा लहान, पण बोलण्यात सतत ऐकू येतो. 'मला कळत नाहीये', 'मला वाटतंय' हे आपल्याकडे चालू रूपात सर्रास येतं. त्यावरून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग'. इंग्रजीत अंडरस्टँड, नो, वॉन्ट, बिलीव्ह ही क्रियापदं सहसा चालू काळात जात नाहीत. 'आय डोन्ट अंडरस्टँड' म्हणावं. 'जेव्हा तो येईल तेव्हा'चं 'व्हेन ही विल कम' होणं हेही याच जातीचं. तिथे 'व्हेन ही कम्स'.

आता तिसरी वाट, थेट इंग्रजीतून शिकवणारा क्लास. परफेक्टसाठी ही वाट सगळ्यांत बरी, कारण चांगला शिक्षक भाषांतर करत नाही. काळ संपला की अजून उघडा आहे, एवढंच विचारतो. आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीवरच करून बघा. 'सयाजीराव रूल्ड फ्रॉम 1875 टू 1939': राज्य संपलं, साधा भूत. 'इट हॅज बीन अ युनिव्हर्सिटी सिन्स 1949': आजही आहे, प्रेझेंट परफेक्ट. 'इट बिकेम अ युनिव्हर्सिटी इन 1949. बिफोर दॅट इट हॅड बीन बरोडा कॉलेज': आधीच्याही आधीचं, पास्ट परफेक्ट. मनात मराठी वाक्य न आणता नुसत्या त्या काळाकडे पाहिलं की रूप आपोआप ठरतं. 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'इन 2019' असं बंद झालेल्या काळाचं नाव घेतलं की 'हॅव' बाद. म्हणूनच 'आय हॅव मेट हिम यस्टरडे' चूक, मग मराठीत 'काल भेटलोय' कितीही सहज वाटो.

अमेरिकन मालिका पाहणाऱ्या मुलांचा एक आक्षेप येतो, तो खराही आहे. अमेरिकन बोलण्यात 'डिड यू ईट येट?' चालतं, ब्रिटिश वळणात 'हॅव यू ईटन येट?'. आपलं 'जेवलास का?' पहिल्याच्या जवळ जातं. बोलताना दोन्ही ठीक. शाळेच्या पेपरात ब्रिटिश वळण धरावं, उगाच बाईंशी वाद नको.

थेट इंग्रजी क्लासची अडचण फीपेक्षा वेगळी आहे. ज्याची रूपंच कच्ची आहेत तो अशा वर्गात मान डोलावत बसतो आणि 'डिड नॉट वेन्ट' तोंडात पक्कं होऊन जातं, कारण तीस जणांच्या वर्गात प्रत्येकाला कोण थांबवणार? नाव नोंदवण्याआधी एक तास मागे बसून बघा. सर बोलतायत की मुलं बोलतायत, आणि मूल चुकलं तर वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणवून घेतात का. यांतलं दुसरं होत नसेल तर पैसे वाया.

मग कुणी काय करावं? शाळकरी मुलाने रूपांसाठी तक्ता घ्यावा, 'जातो-जातोय' आणि भविष्य आईवडिलांकडून मराठीत समजून घ्यावं, आणि परफेक्टपुरती तेवढी मराठी बाजूला ठेवावी. वेगळा क्लास लावायची गरज बहुधा पडत नाही. मुलाखतीला जाणाऱ्या मोठ्या माणसाने बाराच्या मागे लागू नये. साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत, प्रेझेंट परफेक्ट आणि 'विल-गोइंग टू' एवढ्यावर मुलाखत निभावते. 'आय शॅल हॅव बीन वर्किंग' हे वाक्य आयुष्यात एकदाही न बोलता माणूस मॅनेजर होऊन निवृत्त होतो.

आयल्ट्सवाल्यांचं गणित थोडं निराळं. लेखन आणि संभाषण या दोन्हींत परीक्षक चार निकषांवर गुण देतात आणि त्यांतला एक व्याकरणाचा. त्यात शुद्धतेबरोबर विविधताही पाहतात. म्हणून नुसता साधा भूत पुरत नाही, पण अवघड रूपं ओढूनताणून आणली तर शुद्धता जाते. संभाषण 11 ते 14 मिनिटांचं. पहिल्या भागात गाव, काम, सवयी विचारतात, तिथे साधा वर्तमान आणि 'हॅव लिव्ड'. दुसऱ्या भागात एखादी घडलेली गोष्ट सांगायला लावली की साधा भूत धरून ठेवायचा. मधेच वर्तमानात उडी मारायची आपली गप्पांमधली लकब ('मग मी जातो, बघतो तर काय') तिथे महागात पडते. अकॅडमिक लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेख आला तर आधी सालं वाचा. सगळी सालं उलटून गेली असतील तर शेवटपर्यंत साधा भूत. आलेख पुढच्या सालांचा अंदाज दाखवत असेल तर तेवढ्या भागाला 'विल' किंवा 'इज एक्स्पेक्टेड टू'. यासाठी मराठीतून नव्हे, थेट इंग्रजीतून सराव करावा, आणि वही तपासणारं कुणीतरी हवंच. महिनाभरच हाताशी असेल तर तक्ता घडी घालून ठेवा आणि फक्त 'फॉर-सिन्स'ची आणि नको तिथे आलेल्या 'हॅड'ची वाक्यं रोज लिहून तपासून घ्या.