ऑनलाइन काउन्सेलिंगचा अनुभव, चार सेशननंतर (३.५/५)

बायको महिनाभर मागे लागलेली म्हणून एकदाचं पॅकेज घेतलं, चार सेशन ३२०० रुपये. मला काही फार मोठा प्रॉब्लेम नाही हो, कामधंदा नीट चाललाय, फक्त घरी आलो की बाबांवर आवाज चढायचा आणि मग रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडायचं.

डोंबिवलीत वन बीएचके, माणसं पाच, त्यामुळे सेशन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे इअरफोन लावून. एकदा तिसऱ्या मजल्यावरचे काका टाकी बघायला आले तर मी लगेच "हो सर, रिपोर्ट उद्या पाठवतो" सुरू केलं, मॅडम तिकडे हसतायत.

पहिलं सेशन वाया गेलं. ॲपने जोडून दिलेली काउन्सेलर इंग्लिश-हिंदीवाली, बाई चांगली होती पण "डोक्यात तिडीक जाते" हे इंग्लिशमध्ये सांगू काय कप्पाळ? मराठीचा पर्याय सेटिंगमध्ये कुठेतरी आत लपवलाय, तो आधी शोधा.

दुसऱ्या वेळेपासून मराठी मॅडम मिळाल्या आणि गाडी रुळावर आली. त्यांनी वही घालायला सांगितली, तीन रकाने. काय झालं, तेव्हा मनात काय म्हटलं, मग काय केलं. माझी पहिली नोंद: बाबांनी टीव्ही मोठा केला / मला त्रास द्यायला मुद्दाम करतात / रिमोट हिसकावला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, मुद्दाम करतात हे कशावरून? आणि त्यांचे कान कधी तपासलेत का? तपासले. डाव्या कानाने बरंच कमी ऐकू येतं. मला चुलीत तोंड घालावंसं वाटलं.

या पद्धतीला आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणतात, अमेरिकेच्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात काढलेली. राग घटनेमुळे येत नाही, घटनेबद्दल आपण मनात जे बडबडतो त्याने येतो, असं काहीसं. नुसतं ऐकलं की प्रवचन वाटतं, वहीत आपल्याच अक्षरात दिसलं की नाही वाटत.

दीड स्टार कापला तो ॲपसाठी. पॅकेज तीस दिवसांत संपवायचं ही अट पैसे भरल्यावर कळली, कस्टमर केअरला विचारलं तर तोच तोच छापील मेसेज येतो.

पैसे घालायच्या आधी १४४१६ लावून बघा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर ॲपच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, तिथेच फोन करा किंवा सरळ डॉक्टर गाठा.

बाबा कानाचं मशीन लावायला तयार नाहीत, "मी काय म्हातारा झालोय का" म्हणे. पुढचं पॅकेज त्यासाठीच घेतोय.