भिंतीच्या पायाचा फोटो बघून 45,000 रुपये पाठवणारी बाई मीच

नाव लिहीत नाहीये. एक तर तक्रार चालू आहे, आणि दुसरं म्हणजे लाज वाटते. दुसरं कारण जास्त खरं.

पुण्यात बावधनला उतारावर आमचं कोपऱ्यावरचं रो-हाऊस आहे. मागची बाग खालच्या गल्लीपेक्षा साडेपाच फूट उंच. जुना दगडी बांध ढिला झाला होता, म्हणून मे महिन्यात सॉलिड ब्लॉकची रिटेनिंग वॉल, म्हणजे मागची माती धरून ठेवणारी भिंत, बांधायची ठरवली, 43 फूट लांब. दोन कोटेशनं आली. एक 2,85,000 चं, दुसरं 1,68,000 चं. स्वस्त बघून भुलली म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, पण हा माणूस ओळखीतून आला होता आणि आमच्याच गल्लीत दोन घरी त्याने पेव्हर ब्लॉक नीट बसवले होते. शिवाय बोलला सगळं बरोबर: खाली पीसीसी म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, ब्लॉकचे दोन थर जमिनीत, भिंतीच्या मागे फूटभर खडी, पाणी निघायला आरपार पाईप. धडा पाठ होता त्याला.

टोकन 5,000. सामानाला 60,000. मग आम्हाला सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी सांगलीला जावं लागलं. हे त्याला मीच सांगितलं, किती दिवस ते सुद्धा.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याचा मेसेज आला. "काकू, पाया झाला बघा." खाली फोटो: सरळ रेषेत खोदलेला चर, तळाला काँक्रीट, त्यावर ब्लॉकचे दोन थर. माती लाल.

आमच्याकडे लाल माती कुठून येणार? वर हातभर काळी, खाली पिवळट मुरूम. वीस वर्षं त्या मातीत खुरपं चालवलंय मी. मुलीने फोटो बघितला आणि म्हणाली, "आई, ही कोकणातली वाटते गं." मी तिच्यावरच खेकसले, की मोबाईलमध्ये रंग असेच दिसतात. आयुष्यभर ऑफिसात इतरांची व्हाउचरं तपासली, एक शिक्का कमी असला तरी परत पाठवली. आणि इथे? फोटो 9:31 चा आहे, माझे 45,000 गेलेत 9:42 ला. अकरा मिनिटं. रात्री झोप लागत नाही ती त्या अकरा मिनिटांमुळे.

परत आलो तेव्हा भिंत उभी होती, दिसायला देखणी. आणखी 30,000 दिले. एकूण 1,40,000. 28,000 मागे ठेवले, ते हे म्हणाले म्हणून.

जूनमधल्या दुसऱ्या मोठ्या पावसात भिंतीला मधोमध पोट आलं. मी फोन केला तर, "काकू, नवीन भिंत थोडी बसतेच." दोन दिवसांनी पहाटे ती कढीपत्त्याच्या झाडासकट गल्लीत गेली. खाली कुणी नव्हतं. 2019 च्या जूनमध्ये कोंढव्यात भिंत पडून माणसं गेली ते आठवून माझे हातपाय गार पडले.

पडल्यावर सगळं उघडं झालं. खाली पीसीसी नाही, चरही नाही; पहिला थर थेट मातीवर. बिलात ब्लॉक 320, म्हणजे 32 चे दहा थर. आम्ही तुकडे जोडून मोजले, भरले आठच. पाईप होते, पण वीतभर तुकडे, बाहेरून दिसण्यापुरते चिकटवलेले. खडीच्या जागी राडारोडा: जुनं प्लास्टर, फरशीचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या. मागे पाणी साठलं की त्याचा दाब भिंतीवर येतो. घनमीटरभर पाणी म्हणजे 1,000 किलो. आरपार भोकं नसतील तर ते जाणार कुठे?

आता चौकी. "काम तर केलंय ना त्याने, मॅडम? मग हा सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, दुसऱ्या साइटचा फोटो दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? पूर्वीचं 420, आताच्या न्याय संहितेतलं 318? साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी चोरलंय. तीन खेपा, हातात एक एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचंही तेच, फक्त जास्त गोड आवाजात. मग महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय. तिथे पहिला प्रश्न, भिंतीची परवानगी घेतली होती का? ठेकेदारावर काही करता येत नाही, पण रस्त्यावर आलेला राडारोडा उचला म्हणून सांगायला माणूस दुसऱ्याच दिवशी दारात! त्या कामात एवढी तत्परता. उचलायला 14,500 गेले, तेही माझेच. म्हणजे 1,54,500, आणि भिंत नाहीच.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत करावा लागतो, वकील नसला तरी चालतं. आधी चौकीत चपला झिजवण्यापेक्षा इथेच यायला हवं होतं. कोटेशनवर जमिनीखाली किती थर ते लिहून सही घ्या. माझ्याकडे ते नुसतं तोंडी होतं, आणि आता तिथेच घोडं अडतंय. जे मातीखाली जाणार ते बुजवायच्या आधी स्वतः बघा, गावाला असाल तर काम थांबवा. फोटोवर पैसे देऊ नका. व्हिडिओ कॉल करायला लावा, चरात टेप धरायला लावा, मागे तुमचं घर दिसलं पाहिजे. आणि मुलं काही बोलली तर ऐका.

परवा त्याचा मेसेज आला. "काकू, निसर्गापुढे कोणाचं चालतं? फायनलचे 28,000 तेवढे बघा." स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडलाय.